पाचवीपासून इंग्रजी शिकलेली बाई चिलीत काय शिकवणार?

नाशिकहून एका शिक्षिकेनं विचारलंय. वय २९, एम.ए. इंग्रजी, बी.एड., इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाच वर्षांची नोकरी. तिला दक्षिण अमेरिकेत, जमल्यास चिलीत शिकवायला जायचंय. "ताई, आपल्यासारख्यांना तिकडे घेतात का, की गोऱ्यांनाच? मला स्पॅनिशचा गंध नाही, मी शाकाहारी आहे आणि एकटी कधी राहिले नाही. पैसे मागे पडतात का?"

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. मी २०१४ पासून चिलीत आहे. पहिली दोन वर्षं सांतियागोत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं. मग जवळजवळ सातशे किलोमीटर दक्षिणेला तेमुकोत आले आणि तेव्हापासून शाळेत आहे. पाचवी ते बारावी इंग्रजी शिकवते, एका वर्गाची वर्गशिक्षिकाही आहे.

तर, घेतात. पण बहुतेक जण ज्या दारावर आधी थाप मारतात, ते आपल्यासाठी अर्धंच उघडतं. ते दार म्हणजे इंग्रजीचे खासगी क्लास, इथल्या बोलीत 'इन्स्तितुतो'. त्यांच्या जाहिरातीत 'नेटिव्ह' हा शब्द हमखास असतो आणि त्याचा अर्थ अमेरिका, इंग्लंड, कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट. मला अशाच एका क्लासनं घेतलं, कारण मार्चमध्ये त्यांना माणूस हवं होतं. पहिल्या तासाआधी तिथल्या व्यवस्थापकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भारतातली आहेस हे बोलू नकोस, लंडनची म्हण." मी वर्गात गेले, फळ्यावर भारताचा नकाशा काढला, महाराष्ट्र दाखवला आणि माझ्या गावाच्या जागी टिंब दिलं. एकही विद्यार्थी सोडून गेला नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र माझे तास निम्मे झाले.

तक्रार कुठे करणार? मी 'बोलेता'वर होते. हा शब्द तू आत्ताच पाठ करून ठेव. बोलेतावर काम म्हणजे तू नोकरदार नाहीस, सेवा पुरवणारी आहेस. दर महिन्याला पावती द्यायची, त्यातून कर कापला जातो (२०२५ साली १४.५ टक्के, वाढत वाढत २०२८ ला १७ टक्के होणार), रजा नाही, नोटीस नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारी हा इथला उन्हाळा. लोक समुद्रावर जातात, क्लास ओस पडतात. ज्या महिन्यात तास नाहीत त्या महिन्यात एक पेसो हातात येत नाही. माझा पहिला फेब्रुवारी मी डाळ-भात आणि पावावर काढला. तू बोलेता स्वीकारलास तरी हरकत नाही, सुरुवात कुठूनतरी करावीच लागते. पण दोन महिन्यांचा खर्च आधी बाजूला टाकून मग स्वीकार.

दुसरं दार शाळेचं. तिथे तुझ्या बी.एड.ला किंमत आहे, कारण चिलीत शाळेत शिकवायला शिक्षकाची पदवी लागते. पासपोर्टच्या रंगावर तिथे काम होत नाही. शाळा तीन प्रकारच्या असतात: सरकारी, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी, आणि पूर्ण फीवर चालणाऱ्या खासगी. आपल्याकडच्या जिल्हा परिषद, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांचं चित्र डोळ्यांपुढे आण, बरंचसं जुळेल. फीवाल्या शाळांपैकी काही ब्रिटिश पद्धतीच्या आहेत, सांतियागो आणि विन्या देल मार या शहरांत. त्यांना केंब्रिज किंवा आयबी हे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवलेली माणसं लागतात. तुझ्याकडे तो अनुभव असेल तर थेट तिथे अर्ज कर, ते भारतातूनही मुलाखत घेतात. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तिथे इंग्रजीच्या शिक्षकांपेक्षा जास्त मागणी असते, हेही तुझ्या मैत्रिणींना सांग.

मी अनुदानित शाळेत आहे आणि मला तीच आवडते. का, ते सांगते.

चिलीत इंग्रजी सक्तीचं होतं ते पाचवीपासून. माझंही तसंच झालं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, मी त्याआधीची. १९९३ च्या जूनमध्ये मी पाचवीत गेले आणि इंग्रजीचं पहिलं पुस्तक हातात आलं. त्याच सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, आणि ए-बी-सी-डीच्या पुढचं सगळं इंग्रजी मी पत्र्याच्या शेडमध्ये शिकले. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. वाक्य आधी मराठीत जुळवायचं, मग एकेक शब्द इंग्रजीत आणायचा, मग भीत भीत बोलायचं.

तेमुकोत माझ्या पहिल्या वर्षी आठवीत एक मुलगा होता. वडील लाकूड कापायच्या गिरणीत कामाला. तो लिहायचा बरं, पण तोंड उघडायचा नाही. चार आठवडे मी त्याच्याकडून एक शब्द काढू शकले नाही. एका गुरुवारी तास संपल्यावर त्याला थांबवलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "मे दा बेर्ग्वेन्सा, मिस." मला लाज वाटते.

मी त्याला शेडची गोष्ट सांगितली. माझं स्पॅनिश तेव्हा अडखळतच होतं. मध्येच मी 'ला प्रोब्लेमा' म्हणाले, तर त्यानं अगदी हळू दुरुस्त केलं, "एल प्रोब्लेमा, मिस." शब्द 'आ'नं संपतो म्हणून मी त्याला स्त्रीलिंगी करून टाकलं होतं. तेव्हाच आमचा करार ठरला. त्यानं रोज माझी स्पॅनिशची एक चूक दाखवायची आणि त्याबदल्यात इंग्रजीतलं एक वाक्य मला म्हणून दाखवायचं, चुकलं तरी चालेल. त्याचं पहिलं वाक्य होतं, "आय हॅव थर्टीन इयर्स." स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा 'असतो' असं म्हणत नाहीत, वर्षं त्याच्या 'जवळ असतात' म्हणतात, म्हणून. ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर घेतलं, नाव न सांगता. शेजारी स्पॅनिश वाक्य, त्याच्याशेजारी मराठी 'मला तेरा वर्षं पूर्ण झाली', आणि शेवटी बरोबर इंग्रजी. चार रकाने. मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं की चूक कुठून येते. ते चार रकाने मी आजही वापरते.

पोरी, हेच तुला सांगायचंय. ज्यांना इंग्रजी जन्मतः येतं त्यांना ही चूक दिसते, पण तिचा रस्ता माहीत नसतो. तुला माहीत आहे, तू त्याच रस्त्यानं आलीस. मुलाखतीत 'मी नेटिव्हसारखीच बोलते' हे पटवायच्या भरीस पडू नकोस. 'मी ही भाषा शिकले आहे आणि शिकताना काय होतं ते मला ठाऊक आहे' असं सांग. मला शाळेची नोकरी याच वाक्यावर मिळाली.

आता स्पॅनिश. इथे मी कडकपणे बोलणार आहे: स्पॅनिश न शिकता येऊ नकोस. इंग्रजीचा तास असला तरी वर्ग स्पॅनिशमध्येच सांभाळावा लागतो. भांडण सोडवायचं, रडणाऱ्याला समजवायचं, पालकांशी बोलायचं, मुख्याध्यापकांना अहवाल द्यायचा, सगळं स्पॅनिशमध्ये. निदान वर्षभर रोज तासभर बस. आणि घाबरू नकोस, कारण मराठी माणसाला स्पॅनिश सोपं जातं, इंग्रजी माणसाहून नक्कीच.

'मे गुस्ता' घे. इंग्रजी माणूस इथे अडतो, कारण त्याच्या भाषेत आवडण्याचा कर्ता 'मी' असतो. आपल्या भाषेत 'मला आवडतं', आणि क्रियापद चालतं ते आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे. मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. स्पॅनिशमध्ये अगदी हेच: मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस. माझ्यासोबत शिकणारा एक कॅनडाचा मुलगा यावर तीन आठवडे झगडत होता, मला तीन मिनिटं लागली. हातातून कप निसटला तर चिलीचा माणूस 'से मे कायो' म्हणतो. 'मी पाडला' असं तो म्हणत नाही, 'माझ्या हातून पडला' असं म्हणतो. 'बेर्ग्वेन्सा'चं वाक्यही तसंच, लाज 'मला' वाटते. तू आणि तुम्ही हा भेद आहे. कर्ता गाळता येतो, 'आले' म्हटलं की कोण आलं ते कळतं. त, द, प हे उच्चार आपल्यासारखेच, इंग्रजांसारखी हवा सोडायची नाही. लिंगं दोनच, आपण तीन सांभाळतो.

कठीण आहे ते चिलीचं बोलणं. शब्दाच्या शेवटचा 'स' हे लोक गिळतात, मधला 'द' विरघळवतात, आणि वाक्याच्या शेवटी 'पो' लावतात, आपण 'की' लावतो तसा. 'सी पो' म्हणजे 'हो की'. 'काचाय?' म्हणजे 'कळलं ना?' 'अल तिरो' म्हणजे लगेच. हजार पेसोला 'लुका' म्हणतात, आणि आकड्यात हजाराच्या जागी टिंब येतं, दशांशाला स्वल्पविराम. पहिल्या महिन्यात भाड्याची पाटी नीट वाच. पुस्तकातलं स्पॅनिश शिकून उतरलीस तर पहिले तीन महिने आपण भलतीच भाषा शिकलो असं वाटेल. तसं वाटलं तरी सोडू नकोस, कान बसतो.

कागद. मी आले तेव्हा पर्यटक म्हणून उतरून इथेच राहण्याचा परवाना बदलून घेता यायचा. जुने लोक तुला तोच सल्ला देतील, तो ऐकू नकोस. २०२१ चा नवा स्थलांतर कायदा २०२२ च्या फेब्रुवारीत लागू झाला, तेव्हापासून अर्ज देशाबाहेरूनच, ऑनलाइन, करावा लागतो. म्हणजे आधी शाळेचं पत्र, मग व्हिसा, मग विमान. पंचवीसपेक्षा जास्त माणसं असलेल्या संस्थेत ८५ टक्के कामगार चिलीचे लागतात, त्यामुळे एखादी शाळा 'आमच्याकडे जागा आहे पण परदेशी माणूस घेता येत नाही' म्हणाली तर ती टाळाटाळच असेल असं नाही.

एक गोष्ट आता सोपी झाली आहे. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का. त्या करारात भारत २००५ पासून आहे आणि चिली २०१६ ला आला. माझ्या वेळी पदवीवर दिल्लीच्या दूतावासाचा आणि परत सांतियागोत परराष्ट्र खात्याचा शिक्का लागला होता, चार महिने गेले. तुला मुंबईत राज्य सरकारची साक्षांकन प्रक्रिया आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, एवढं पुरेल. एम.ए., बी.एड., गुणपत्रकं, जन्मदाखला, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, या सगळ्यांवर घे. नंतर इथून करायला गेलं की भावाला रजा काढून मंत्रालयाच्या खेपा माराव्या लागतात.

आणि नाव तपास! आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्न झालेल्यांचं तर आणखी वेगळं. चिलीत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि खिडकीवरच्या माणसाला तुझ्या कागदावर तीन शब्द तीन क्रमांनी दिसतात. माझ्या वडिलांचं नाव एका कागदावर माझं दुसरं नाव झालं होतं आणि दुसऱ्यावर पहिलं आडनाव. सरकारच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या. 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र भारतातून करून, त्यावरही अपोस्टिल घेऊन ये. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

परदेशी पदवीची मान्यता परंपरेनं चिली विद्यापीठाकडून मिळते, आणि त्याला वेळ लागतो, महिन्यांच्या हिशेबात. तोपर्यंत शाळा तुझ्यासाठी शिक्षण खात्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करून शिकवण्याची तात्पुरती परवानगी काढू शकते. मी तीन वर्षं त्यावर काम केलं. लहान मुलांसोबत काम करायला अपात्र नसल्याचा दाखला वेगळा लागतो, तो नागरी नोंदणी कार्यालयातून मिळतो. इथे आल्यावर पहिलं काम ओळखपत्र आणि 'रुत' क्रमांक, आपल्या आधारसारखा. रुतशिवाय घर नाही, बँक नाही, फोनचं बिल नाही. औषधाच्या दुकानातही काउंटरवरची मुलगी आधी रुत विचारते. तो हातात आला की सरकारी बँकेत 'क्वेंता रुत' खातं उघड, खाते क्रमांक म्हणजे तोच आकडा.

आता वर्ग. पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीनं दारात उभी राहिले, की मुलं उभी राहतील, नमस्ते म्हणतील. पाचवीतल्या दोन मुली धावत आल्या आणि त्यांनी माझ्या गालाला गाल लावला. मी दगडासारखी उभी राहिले. इथे बायका-बायकांत, बायका-पुरुषांत भेटल्यावर उजव्या गालाला गाल लावायची रीत आहे, शिक्षकांच्या खोलीत रोज सकाळी प्रत्येकाशी. करोनानंतर जरा कमी झालं, संपलं नाही. मागे सरकलीस तर तू रागावलीस असा अर्थ होतो.

लहान वर्गात शिक्षिकेला 'तीआ' म्हणतात, म्हणजे मावशी, आत्या, काकू सगळं एकाच शब्दात. आपल्याकडे बालवाडीत ताई आणि शाळेत बाई असते ना, तसंच. पण बाईंच्या छडीचा धाक या शब्दात नाही. मला हे पचवायला वर्ष लागलं. मी उमरग्याकडची. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग हे माझ्या हाडात होतं. इथे मुलं बोलतात, उठतात, मध्येच विचारतात, 'प्रोफे, तुम्हाला नवरा आहे का?' पहिल्या महिन्यात मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. एका ज्येष्ठ शिक्षिकेनं मला आपल्या तासाला मागे बसवलं. ती ओरडली नाही. दारात उभी राहून प्रत्येकाला नावानं आत घेत होती, एकाच्या खांद्यावर हात, एकाला 'आजी बरी आहे का?' पाच मिनिटं त्यात गेली आणि पुढची पंच्याऐंशी मिनिटं वर्ग तिचा होता. (तास नव्वद मिनिटांचे जोडतास असतात, त्याची तयारी ठेव.)

गुण १ ते ७ मध्ये देतात, ४ ला पास, आणि साधारण ६० टक्क्यांना ४ मिळतात. त्यामुळे आपल्या ३५ च्या हिशेबानं पेपर काढलास तर अर्धा वर्ग नापास होईल. माझा झाला होता. वर्गात ४५ पर्यंत मुलं असू शकतात. त्यांतल्या काहींसाठी विशेष शिक्षिका तुझ्यासोबत वर्गात असते. तिला परकी समजू नकोस, आठवड्याचा पाठ तिच्यासोबत बसून ठरव. मूल अडलं की कुठे अडलं ते ती तुझ्याआधी सांगते. पूर्ण नोकरी आठवड्याला ४४ तासांची, आणि कायद्यानं त्यातले ३५ टक्के तास तयारी, तपासणी, बैठकांचे. भारतात रात्री दोनपर्यंत वह्या तपासलेल्या बाईला हे ऐकून रडू येईल, मला आलं होतं.

मुलं हक्काच्या बाबतीत पक्की असतात. २००६ साली देशभरच्या शाळकरी मुलांनी आंदोलन केलं, गणवेशाच्या गडद निळ्या-पांढऱ्या रंगावरून त्याला 'पिंग्विनांची क्रांती' म्हणतात, आणि सरकारला शिक्षणाचा कायदा बदलावा लागला. २०१९ च्या ऑक्टोबरात सांतियागोत मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं, मुलांनी फाटकांवरून उड्या मारल्या आणि त्यातून देशभर उठाव झाला. एक दिवस तू शाळेत येशील तर फाटकाच्या गजांमध्ये वर्गातल्या खुर्च्या उलट्या अडकवलेल्या दिसतील, पाय रस्त्याकडे. त्याला 'तोमा' म्हणतात, मुलांनी शाळा ताब्यात घेतली. घरी जायचं, वाद घालायचा नाही, आणि नंतर वर्गात त्यांचं म्हणणं ऐकायचं. मी ते ऐकायला शिकले, आणि त्यातून मला ती मुलं जास्त कळली.

भूकंपाचं मी वेगळं लिहिते, कारण भीती वाटत असेल तर ती मला समजते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे थकून झोपले होते. आमचं माळवदाचं घर. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं वजन. माझी आजी त्याखाली गेली. किल्लारीचा धक्का ६.२ चा होता आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेमुकोत एप्रिलमध्ये नववीचा तास चालू असताना खिडक्या खडखडल्या, दिवे डोलायला लागले. मी फळ्याला पाठ लावून उभी, हातपाय गार. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "त्रान्किला, मिस, तेंब्लोर नो मास." शांत व्हा बाई, नुसता हादरा आहे. बाकी मुलं खिडक्यांपासून सरकून बसली होती, एकानं न सांगता दार उघडून धरलं होतं. चाळीस सेकंदांनी तास पुढे सुरू झाला.

इथे लहान धक्क्याला 'तेंब्लोर' आणि मोठ्याला 'तेर्रेमोतो' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पहिल्यासाठी कुणी उठतही नाही. १९६० ला याच दक्षिण भागात, वाल्दिव्हियाला, ९.५ चा भूकंप झाला, मोजला गेलेला जगातला सगळ्यात मोठा. २०१० च्या फेब्रुवारीत ८.८ चा. त्यात गेली सव्वापाचशेच्या आसपास माणसं, पुष्कळशी समुद्राच्या लाटेत. ८.८ आणि ६.२ मधला फरक किती प्रचंड असतो ते तुला माहीत असेल. वर्गातल्या त्या हादऱ्याच्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते. आमच्या गावाला चांगल्या भिंती असत्या तर, एवढंच डोक्यात. घर भाड्यानं घेताना काँक्रीटचं किंवा लाकडी बघ. जुन्या कच्च्या विटांचं कितीही सुंदर असलं तरी नको.

खाणं. शाकाहारी म्हणून उपाशी राहणार नाहीस, पण सोबत्यांना समजावत राहावं लागेल, कारण 'मांस नको' म्हटलं की ते कोंबडी वाढतात. आठवड्याच्या बाजाराला 'फेरिआ' म्हणतात आणि तो थेट आपला आठवडी बाजार: पाल, ओरडा, बटाट्यांचे ढीग, भोपळ्याच्या फोडी. विकणारी बाई तुला 'कासेरिता' म्हणेल, नेहमीची गिऱ्हाईक. उन्हाळ्यात ताज्या घेवड्याच्या दाण्यांची, मका-भोपळा घातलेली 'पोरोतोस ग्रानादोस' नावाची दाटसर भाजी असते. हिवाळ्यात मसूर. 'मेर्केन' नावाचा मापुचे लोकांचा, म्हणजे इथल्या आदिवासींचा, मसाला मिळतो, धुरावलेली लाल मिरची आणि धणे एकत्र कुटून. मी तो पिठल्यावर घालते. संध्याकाळी जेवणाऐवजी 'ओन्से' असते, म्हणजे चहा, पाव, अव्होकाडो.

आणि पाऊस. तेमुकोत मे ते ऑगस्ट पाऊस म्हणजे पाऊस. पहिल्या जूनमध्ये मी आजारी पडले, घर थंड, शेगडीतलं लाकूड ओलं. खालच्या मजल्यावरच्या सेन्योरा ताट घेऊन वर आल्या. भोपळा शिजवून, पिठात मळून, लाटून तळलेल्या पुऱ्या, आणि त्यावर 'चांकाका'चा पाक, म्हणजे उसाच्या ढेपेचा, दालचिनी आणि संत्र्याची साल घालून. त्यांना वाटलं मला नवं काहीतरी देतायत. मी पहिला घास घेतला आणि मला आईचे भोपळ्याचे घारगे आठवले, गूळ घालून केलेले. सोपाइपिया म्हणतात त्याला. पाऊस पडला की घरोघरी होतात. त्या दिवशी मी सेन्योरांना घारग्यांची कृती सांगितली, आणि त्यानंतर आमच्यात दोन्ही होतात.

एकटेपणाचं उत्तर माझ्याकडे तेवढंच आहे: खालच्या मजल्याशी ओळख कर. तेमुकोत मला दुसरं मराठी माणूस भेटलं नाही. उत्तरेला इकिके आणि अगदी दक्षिणेला पुंता आरेनास इथे सिंधी व्यापारी कुटुंबं आहेत, बाकी आपण विरळ. भारताशी फरक हिवाळ्यात साडेनऊ तासांचा, उन्हाळ्यात साडेआठ. आईची रात्रीची नऊची वेळ म्हणजे माझी सकाळची साडेअकरा, शाळेतली मधली सुट्टी. रविवारचा फोन ठरवून ठेव, रोज करायला जाशील तर दोघींची ओढाताण होते. हिवाळ्यात तेमुकोत लाकडाच्या धुरानं हवा फार खराब होते. दमा असेल तर हे शहर निवडू नकोस, किनाऱ्यावरचं निवड.

माझ्या वर्गात बरीच मुलं मापुचे आहेत. काहींच्या आजी घरी मापुदुंगुन बोलतात आणि मुलं ते लपवतात. आमच्या शाळेत ती भाषा शिकवायला त्यांच्याच समाजातले एक गृहस्थ येतात. मी त्यांच्या तासाला मागे बसून 'किन्ये, एपू, क्यूला' म्हणजे एक, दोन, तीन शिकले आणि माझ्या तासाला चार रकान्यांचे पाच केले. दोन मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा हात वर केला. याच शहरात १९२० साली कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. खेड्यातल्या शाळेत मदतनीस म्हणून सुरुवात केलेली बाई, शिक्षकाची पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली, १९४५ ला नोबेल. पाच हजार पेसोच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. मास्तरणीचा चेहरा नोटेवर असलेला देश, हे मला अजूनही भारी वाटतं.

पैशांचं खरं सांगते. शाळेच्या पगारात एकटीचं नीट भागतं आणि थोडं मागे पडतं. सांतियागोत भाडं जास्त, तेमुकोत कमी. पगारातून पेन्शनसाठी १० टक्के आणि वर ती पेन्शन सांभाळणाऱ्या कंपनीचं कमिशन, आरोग्यासाठी ७ टक्के जातात. घर घेताना एक महिन्याची अनामत, मागच्या तीन पगारपावत्या आणि जामीनदार मागतात, आणि नव्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने एखाद्या कुटुंबाकडे खोली घे. स्पॅनिशही तिथेच सुधारेल. फक्त पैसे साठवायचा हेतू असेल तर आखात बरं, तसं मी माझ्या चुलतबहिणीलाही सांगितलं आणि ती मस्कतला गेली.

शाळा मार्चच्या सुरुवातीला उघडतात, डिसेंबरात संपतात. जागा भरल्या जातात डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा या महिन्यात प्रतिज्ञापत्र आणि अपोस्टिलचं काम लाव, स्पॅनिश सुरू कर, आणि ऑक्टोबरपासून शाळांना पत्रं पाठव, स्पॅनिशमध्ये लिहिलेली, एका पानाची. पत्र मला आधी दाखव. 'ला प्रोब्लेमा' कुठे राहिलं असेल तर मी काढून देईन.